सहावी खुर्ची

उजाडताच रोहिणीनं मागच्या शेडाचं दार ढकललं आणि ती तिथंच उभी राहिली. सहाच्या सहा खुर्च्या पांढऱ्या पडल्या होत्या.

काल संध्याकाळी पॉलिशचा शेवटचा हात देऊन ती उठली तेव्हा सागवान कसं मधाच्या रंगाचं दिसत होतं. आता पाठींवर, हातांवर, पायांवर ताक सांडून वाळावं तसे डाग होते. सुतळीच्या बैठका ओल्या गच्च होत्या. कोब्यावर पाणी साचलं होतं आणि मधोमध तिची सासू लंकाबाई रिकामं पातेलं धरून, मोठी कामगिरी फत्ते केल्यासारखी उभी होती.

"आई, काय केलं हे?"

"ढेकूण मारले," लंकाबाई म्हणाली. "उकळतं पानी घातलं सांदीसांदीत. तुला कशाला उठवायचं म्हनून म्या एकलीनंच..." सुनेचा चेहरा पाहिला आणि तिचा आवाज खाली आला. "वाळल्यावर जाईल ना गं हे पांढरं?"

रोहिणीनं एका ओल्या पाठीवरून बोट फिरवलं. बोलली असती तर रडली असती, आणि रडायला आज वेळ नव्हता. बारा वाजता पारनेरचे पाहुणे घर बघायला यायचे होते.

बिभीषणचं, तिच्या धाकट्या दिराचं, हे चौथं स्थळ. मुलगा सुप्याच्या एमआयडीसीत कायम झालेला, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, पण एकतिशी उलटली होती आणि आधीची तीन स्थळं घर बघून जी गेली ती गेलीच. शेवटच्या वेळी मंडपवाल्याकडून प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या होत्या. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर मंडपवाल्याचं नाव आणि मोबाईल नंबर. निघताना मुलीच्या मावशीनं गोड हसून विचारलं होतं, "ह्या परत कवा द्यायच्यात?" त्या दिवशी बिभीषण जेवला नाही. पुढचा पाहुणा या घरात घरच्या खुर्चीवर बसेल, असं रोहिणीनं त्याच दिवशी ठरवलं.

घरात खुर्ची नव्हती, याला कारण होतं. पाथर्डीकडचं गाव सोडून हे कुटुंब अठरा हंगाम ऊसतोडीला गेलं होतं. जे ट्रॉलीत मावत नाही ते घरात घ्यायचं नाही, हा लंकाबाईचा नियम. केडगावात दोन खोल्या आणि मागं पत्र्याचं शेड उभं राहिलं, कोयता माळ्यावर गेला, तरी नियम काही सुटला नव्हता. पातेली, गोधड्या, पेट्या आणि एक बाज, एवढाच संसार भिंतीला टेकून बसलेला असे, जणू उद्या ट्रॅक्टर यायचाय.

रोहिणी पुणे रस्त्यावरच्या जुन्या फर्निचरच्या वखारीत सामान पुसायला जायची. तिथं बजरंग मिस्त्री म्हणून म्हातारा पॉलिशवाला होता. त्याच्या हाताकडं बघत बघत दोन वर्षांत तिनं ते काम उचललं. एक बंद पडलेला लॉज मोडीत निघाला तेव्हा या सहा खुर्च्या जळणाच्या भावात आल्या होत्या. वर हिरवा, मग करडा, मग चॉकलेटी, असे ऑइलपेंटचे तीन थर. गिऱ्हाईक हात लावेना. रोहिणीनं नखानं एक कोपरा खरवडला, वास घेतला आणि मालकाला म्हणाली, "या माझ्या पगारात धरा."

रंग काढायचं औषध महाग, म्हणून तिनं फुटक्या खिडकीच्या काचा गोळा केल्या. काचेचा धारदार तुकडा चिंधीत धरून लाकडावरून ओढला की रंगाचा पापुद्रा निघतो. दोन महिने, वखारीतून आल्यावर रोज तासभर. भोकं लाकडाच्या भुशात फेव्हिकॉल कालवून भरली. वेताच्या बैठका कुजल्या होत्या, तिथं सासऱ्यांनी, सहादेवनं, सुतळीची बाज विणतात तशी वीण घातली. शेवटी चपडा, म्हणजे लाखेचे पापुद्रे स्पिरिटात विरघळवून केलेलं पॉलिश, आठ हात. इतका देखणा माल फुकटाच्या भावात उभा करायला अंगात काहीतरी असावं लागतं. ते रोहिणीच्या अंगात होतं, पण घरात तसं अजून कुणी म्हटलं नव्हतं.

आणि आता करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

"ढेकूण आहेत असं कोण म्हणालं तुम्हाला?" तिनं विचारलं.

लंकाबाईनं नुसतं घराकडं पाहिलं. घरात राहीआत्या चूळ भरत होत्या.

*

राहीबाई ही सहादेवची धाकटी बहीण. हे स्थळ तिनंच आणलेलं, म्हणून दोन दिवस आधीच येऊन बसली होती. जुन्या खुर्च्या बघून तिनं नाक मुरडलं होतं आणि काल जेवताना, उचलली जीभ लावली टाळ्याला, बोलून गेली होती, "लोकाची लाकडं घरात आनली म्हंजी मानसाआधी ढेकूण येतो. पाव्हना बसला आन् खाजवत उठला, का चवथं स्थळ बी गेलं म्हना." कल्याण, रोहिणीचा नवरा, तोसुद्धा आत्याच्या बाजूनं बोलला होता. "मी म्हणत होतो, नवा सोफा घेऊ."

ते ऐकून लंकाबाईचा डोळा लागला नाही. तिला ढेकणांवर एकच इलाज ठाऊक होता. दर साली उसाहून परतलं की बाज अंगणात उभी करायची आणि सांध्यांत उकळतं पाणी सोडायचं. सुतळीची वीण म्हणजे तर ढेकणांचं माहेर. सुनेनं दोन महिने जीव काढलाय, त्यावर पाणी पडू नये म्हणून तिनं पहाटे चूल पेटवली आणि स्वतःच्या हातानं त्यावर पाणी ओतलं.

आता ती शेडाच्या उंबऱ्यावर बसली होती. पदर तोंडात. सहादेव आला, त्यानं एका बैठकीवर अंगठा दाबून पाहिला.

"आवळली," तो म्हणाला.

"काय?"

"सुतळी. भिजली का आवळती ती. आता धा वर्सं ढिली व्हत न्हाई. माझं काम तू पक्कं केलं बघ."

"आन् पोरीचं नासलं."

 सहादेव नुसता बायकोशेजारी उंबऱ्यावर बसला. चाळीस वर्षांत त्यानं तिला एकटीला चूक भोगू दिली नव्हती.

बिभीषण तोंड धुऊन आला, खुर्च्या पाहिल्या आणि त्यानं खिशातून मोबाईल काढला. "मी राममामांना सांगतो, मला ताप आलाय. नंतर या म्हनावं."

राममामा म्हणजे मधला माणूस, सोयरीक जुळवणारा.

"ठेव तो मोबाईल," रोहिणी म्हणाली. तिच्या आवाजात काहीतरी होतं, कारण दिरानं मुकाट्यानं ठेवला. "मिस्त्री म्हणायचे, चपडा रुसतो, मरत न्हाई. पाण्यानं रुसलाय. आधी खडखडीत वाळायला हवा. ओल्यावर हात लावला तर कायमचा बिघडंल. सगळ्या खुर्च्या वर गच्चीवर, उन्हात न्या. धाला मी बसते."

"आन् बाराला ते येनार," कल्याण म्हणाला.

"मग तुमी बोलत नका उभे राहू."

कल्याणनं बायकोकडं पाहिलं, आणि दोन दोन खुर्च्या उचलून जिना चढला.

*

राहीबाईनं ठरवलं होतं की आपण गच्चीवर जायचं नाही. सव्वादहाला ती गेली.

माघाचं ऊन चांगलं तापलं होतं. रोहिणी मांडी घालून बसली होती. जुन्या मलमलीत कापूस गुंडाळून केलेला बोळा तिच्या हातात. त्याला स्पिरिटचा नुसता वास लागेल एवढं ओलं करायचं, बोटाच्या टोकानं गोडेतेलाचा एक थेंब द्यायचा, आणि मग खुर्चीच्या पाठीवरून हलक्या हातानं फिरवत जायचं. बोळा गेला तिथं पांढरं विरत होतं आणि आतून लाकडाच्या रेषा वर येत होत्या.

"आन, मी एक धरते," राहीबाई म्हणाली.

"नको आत्या. बोळा एका जागी थांबला का चिकटतो, खालचं समदं उचलून येतं. हात थांबवायचाच न्हाई."

दुसऱ्या वेळी हे ऐकून राहीबाईला राग आला असता. आज ती बघत राहिली. मनगट सैल, बोटं घट्ट, आणि श्वाससुद्धा हाताच्या लयीत. राहीबाईनं ऊस तोडणाऱ्या हजार बाया पाहिल्या होत्या. कामाचा हात कोणता आणि दाखवायचा कोणता, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. काल रात्रीचं आपलं बोलणं तिला आठवलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

"रोहिणे, ढेकनाचं मी बोलले व्हते."

"माहीत हाय, आत्या."

"मग मला बोल की दोन शब्द."

"हात थांबंल," रोहिणी म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली.

राहीबाईनं मग उन्हाच्या बाजूला उभं राहून लुगड्याच्या पदराची सावली तिच्या डोक्यावर धरली आणि तशीच धरून ठेवली. एक झाली, दोन झाल्या, तीन झाल्या. पाचवी संपली तेव्हा साडेअकरा वाजत होते. रोहिणीनं बोटं झटकली आणि सहावी पुढं ओढली. तेवढ्यात खालून कल्याण ओरडला, "आले. बायपासला आलेत, राममामांचा फोन हाय."

सहावी खुर्ची तशीच पांढरी होती.

"शेडात टाकू," कल्याण जिन्यातून म्हणाला.

"घर बघायला येनारा आधी शेड बघतो," राहीबाई म्हणाली. "मी बघते ना."

"वरून टावेल टाकू."

"टावेल दिसला का पहिला त्योच उचलतो मानूस. मी उचलते." तिनं क्षणभर विचार केला. "वयनीला बसवा तिच्यावर. नऊवारीचा पदर मागं सोडला का पाठ झाकती. फकस्त उठायचं न्हाई."

"मी? पाव्हन्यासमोर खुर्चीवर?" कल्याणमागून जिना चढून आलेली लंकाबाई घाबरून म्हणाली. ती आजवर उसाच्या मोळीवर बसली होती, ट्रॉलीच्या फाळक्यावर बसली होती, फडातल्या पाचटाच्या कोपीपुढच्या दगडावर बसली होती. पुरुषमाणसांसमोर खुर्चीवर नाही.

"वन्सं, मला न्हाई जमायचं."

"पानी पातेल्यात कुनी तापवलं? मग बसा."

*

पाहुणे चौघं होते. मुलीचे वडील श्रीमंतराव, आई चांगुणाबाई, चांगुणाबाईंचा भाऊ आणि राममामा. मूळचे आपल्याच बाजूचे, पण आता पारनेरच्या पेठेत भांड्यांचं दुकान. लंकाबाईनं रीतीप्रमाणं दारात तांब्या पुढं केला आणि मग लगबगीनं जाऊन सहाव्या खुर्चीवर बसली. पदर मागं सोडला. दोन्ही हात लाकडी हातांवर असे पसरून ठेवले की फोटो काढायला बसल्यासारखी दिसली.

चौघं पाहुणे आणि सहादेव पाच खुर्च्यांवर बसले. श्रीमंतरावांनी बसल्या बसल्या खुर्चीच्या हातावरून तळवा फिरवला. भांडी विकणाऱ्याचा तळवा, त्याला गुळगुळीत काय असतं ते कळतं.

"झ्याक हायेत. कुठून आनल्या?"

बिभीषणनं वहिनीकडं पाहिलं. तो तोंड उघडणार एवढ्यात राहीबाई म्हणाली, "पुन्याहून. शोरूममधून मागवल्या."

रोहिणीनं मान खाली घातली. दोन महिने एका वाक्यात पुण्याला गेले.

घर बघून झालं. शेड बघून झालं, तिथं ओला कोबा बघून चांगुणाबाईंच्या भावानं भुवया वर केल्या. चहा झाला. बोलणं नीट चाललं होतं. मुलगी मोनिका, बी.कॉम., तिच्या फोटोकडं बिभीषणनं बघितलं न बघितल्यासारखं केलं. मग रोहिणी हळदी-कुंकवाचं ताट घेऊन आली. खण, नारळ, साखर. घरच्या कर्त्या बाईनं उठून पाहुणीला कुंकू लावायचं, ही रीत. चांगुणाबाई उठून उभ्या राहिल्या, कपाळावरचे केस मागं सारले आणि थांबल्या.

लंकाबाई बसून राहिली.

"वयनीचा गुडघा धरलाय," राहीबाई पटकन म्हणाली. "रोहिणे, तूच लाव गं."

"गुडघा?" चांगुणाबाई म्हणाल्या. "आत्ता तर तांब्या घेऊन दारात आल्त्या."

 चांगुणाबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. मुलीची आई आहोत, म्हणून उभं राहून वाट बघायची. पण किती बघायची? त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. श्रीमंतरावांनी गुडघ्यावरची टोपी उचलून डोक्यावर ठेवली. निघायची वेळ झाली की माणसं टोपी घालतात, हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं.

लंकाबाईनं बिभीषणकडं पाहिलं. पोराचा चेहरा तसाच झाला होता, त्या दिवशी न जेवता झोपला तेव्हा होता तसा. मग तिनं ताट धरून उभ्या असलेल्या सुनेकडं पाहिलं. रोहिणीचे पंजे स्पिरिटनं पांढरे, कोरडे पडले होते, नखांत लाखेची तांबूस किनार होती. शोरूममधून मागवल्या म्हणे.

ती उठली.

"बाई, मानापमान मनात आनू नगा," ती म्हणाली. "उठत नव्हते कारन ही झाकायला बसवलंय मला." तिनं पदर ओढून घेतला आणि खुर्ची सगळ्यांपुढं फिरवली. पांढरी पाठ उजेडात आली. "पुन्याबिन्याच्या न्हाईत ह्या. लॉज मोडला तिथल्या हायेत. जळनात जानार व्हत्या. माझ्या सुनेनं काचेच्या तुकड्यानं घासल्या, दोन म्हैने. माझ्या मालकानं सुतळी विनली. आन् आज पहाटं म्या येडीनं ढेकनाच्या भ्यानं समद्यांवर उकळतं पानी वतलं. पाच तिनं सावरल्या. ही राहिली, तुमी लौकर आलात."

राहीबाईनं कपाळावर हात मारला. चांगुणाबाईंचा भाऊ खाली बघून हसू दाबत होता. श्रीमंतरावांनी टोपी पुन्हा काढली.

"हिनं?" त्यांनी रोहिणीकडं बघत विचारलं. "ह्या बाईमानसानं?"

"व्हय. हिनंच," राहीबाई म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा चढला होता, पण आज दुसऱ्या बाजूनं. "माझ्या डोळ्यांनी बघितलंय. असा हात म्या जल्मात बघितला न्हाई. पुन्याचं मी खोटं बोलले, ते माझ्यावर टाका. तिच्यावर न्हाई."

चांगुणाबाई खुर्चीजवळ आल्या. वाकून पांढऱ्यावर बोट फिरवलं. गेल्या चार महिन्यांत त्यांनी सहा घरं पाहिली होती. सोफ्यावरचं प्लास्टिक न काढता बसवणारी, आणि कुठलाच माणूस कुठल्याच माणसाची चूक आपल्या अंगावर न घेणारी.

"जातं का हे?" त्यांनी विचारलं.

"जातं," रोहिणी म्हणाली. "पाव तास लागंल."

"मग काढ की. आमी कुठं पळून चाललोय?"

रोहिणीनं ताट बिभीषणच्या हातात दिलं, शेडातून बाटली आणि बोळा आणला आणि भर बैठकीत, पाहुण्यांसमोर, फरशीवर मांडी घातली.  हात लयीत आला आणि खोली तिच्यापुरती नाहीशी झाली. एकेक पट्टी पांढऱ्यातून बाहेर येऊ लागली. श्रीमंतराव खुर्ची सोडून उकिडवे बसले, दुकानात नवं भांडं उघडून बघावं तसे. "आरं, लाकडाला जीव आला," ते स्वतःशीच म्हणाले. कल्याण दाराला टेकून उभा होता. ही बाई आपली बायको आहे, याचा त्याला इतका अभिमान वाटला की नवा सोफा हा शब्द आठवून त्याचे कान तापले.

रोहिणीनं शेवटचा हात दिला आणि बोळा उचलला. खुर्चीच्या हाताखाली, सांध्यात, एक बारीक पांढरी रेघ राहिली होती. ती तिनं लपवली नाही, दाखवली. "एवढं राहिलं. ते घासून नवं करावं लागंल."

"ऱ्हाऊ दे ते," चांगुणाबाई म्हणाल्या. त्या बिभीषणच्या हातातल्या ताटाकडं वळल्या. बोट कुंकवात बुडवलं आणि लंकाबाईचा दंड धरून तिला खुर्चीकडं वळवलं.

"थांबा," रोहिणी घाईनं म्हणाली. "पाच मिन्टं. वाळू द्या."

तेव्हा सगळे थांबले. चांगुणाबाई कुंकवाचं बोट तसंच हवेत धरून. लंकाबाई उभी, म्हणून सहादेवही उठला. सहादेव उठला म्हणून श्रीमंतराव, राममामा, भाऊ, सगळेच. पाच खुर्च्या रिकाम्या, आणि फरशीवरची रोहिणी सोडून नऊ माणसं सहाव्या खुर्चीभोवती उभी राहून ती वाळायची वाट बघत होती. बिभीषण कुणाकडंच बघत नव्हता.

रोहिणीनं बोटाची मागची बाजू लाकडाला लावून पाहिली. चिकटलं नाही.

"वाळली," ती म्हणाली.

"बसा आता, विहीणबाई," चांगुणाबाई म्हणाल्या, आणि बसलेल्या लंकाबाईच्या कपाळाला त्यांनी वाकून कुंकू लावलं.